हो जी!

चामोर्शीच्या दवाखान्यातले लॅबवाले भाऊ कधीच 'नाही' म्हणत नाहीत. लॅबमध्ये नवी संगणक-प्रणाली आली, नागपूरच्या पोराने दोन तासांत ती शिकवली आणि विचारलं, ''कळलं ना?''

''हो जी.''

भाऊंना मठ्ठ समजू नका. जाड थेंबाच्या काचेवर फॅल्सिपेरम मलेरियाच्या बारीक अंगठ्या ते सुईत दोरा ओवावा तशा टिपतात. सिकलसेलच्या सोल्युबिलिटी चाचणीत द्रावण गढूळलं, की इलेक्ट्रोफोरेसिसच्या आधीच त्यांचा चेहरा उतरतो. जुन्या रजिस्टरात 'घोटचा मडावी, उंच, मागच्या पावसातला तापवाला' एवढ्यावर माणूस सापडायचा. संगणकाला मात्र जन्मतारीख हवी. मग भाऊंनी मराठी शाळामास्तरांच्या परंपरेला जागून तालुक्यातल्या समस्त म्हाताऱ्यांना १ जूनला जन्माला घातलं.

पुढचा रकाना मोबाइल नंबरचा, तोही सक्तीचा. ''ह्या बुडीले कोठून आला जी मोबाइल?'' भाऊंनी पडद्यालाच विचारलं. पडदा लाल झाला. भाऊंनी स्वतःचा नंबर टाकला. मग दुसऱ्या बुडीला, तिच्या नातवाला, आष्टीहून आलेल्या अख्ख्या वऱ्हाडाला तोच.

तेव्हापासून तालुक्याचं रक्त-लघवी भाऊंच्या खिशात वाजू लागलं. 'आपली गर्भचाचणी पॉझिटिव्ह आहे' हा मेसेज घरवालीने वाचला. काही न बोलता तिने त्यांच्या ताटात चिंच ठेवली.

भाऊ मात्र एकेक निरोप पोचवतात. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत, वैनगंगेच्या काठी, त्यांनी एका बापाला गर्दीतून हळूच बाजूला नेऊन पोरीचा सिकलसेलचा रिपोर्ट सांगितला. शेजारी उभ्या सोयऱ्याला वाटलं, उसने पैसे मागताहेत. संगणकातली गुप्तता पासवर्डवर चालते, आणि तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याच्याच कडेला चिकटवलेला आहे.

यंत्रणेने एका नंबरची सगळी माणसं एका कुटुंबात घातली. नागपूरहून फोन आला, ''एवढी माणसं तुमच्याच घरातली?''

''हो जी.''

यंदा पावसाळ्यात भाऊंनाच थंडी वाजून ताप भरला. स्वतःच बोट टोचलं, स्वतःच काच रंगवली, नोंद करायला बसले आणि मोबाइलच्या रकान्यात बायकोचा नंबर टाकला. हाताखालच्या पोरीने विचारलं, ''तुमचा नाही टाकत, भाऊ?''

''माह्या फोनवर गर्दी लय असते जी. रिपोर्ट हरवून जाईल.''