पाचर

पेपर सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि तो बाकाखाली होता. बाहेर फक्त चपलांचे तळवे आणि शर्टाची सुटलेली शेपटी. बाकी वर्ग शेवटच्या क्षणी औषधांची नावं पुटपुटत होता, कोणी डोळे मिटून मारुतीला साकडं घालत होतं, आणि हा गृहस्थ एक पाय आखूड असलेल्या बाकाला पाचर लावत होता. लावून झाल्यावर तो वर आला, दोन्ही तळवे फळीवर टेकवले, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे भार दिला, आणि पेशंटचं पोट तपासून झाल्यावर सर्जन जशी मान हलवतो तशी हलवली. मग लगेच पलीकडून हाक आली, "अरे पच्चर, इदर बी देख ना यार, हिल रा."

हैदराबादी बॅच त्याला पच्चर म्हणायची. आम्ही मराठी पोरं तिघंच, आमच्यापुरता तो पाचर. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते हजेरीपटावरच राहिलं. मराठीत पाचर मारणं म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणं. ह्या माणसानं आयुष्यात कोणाच्या कामात खोडा घातला नाही, उलट डुगडुगणारं जे जे दिसेल ते ते स्थिर केलं. तरी नाव हेच. नावं ठेवणाऱ्यांना व्युत्पत्तीशी कर्तव्य नसतं.

पाचरीचं त्याचं स्वतंत्र शास्त्र होतं. प्रश्नपत्रिकेचा कागद बाद, कारण घामट हवेत तो तासाभरात बसतो. वहीचा पुठ्ठा चालतो, पण त्याची घडी तुटते. सर्वांत उत्तम लग्नपत्रिका. तीतही तेलुगू लग्नाची. "आपली मराठी पत्रिका चार घड्यांची," तो सांगायचा. "तेलुगू पत्रिका एका घडीत काम करते. वर वेंकटेश्वर छापलेला असतो, तेवढा भाग मी कापून देवघरात ठेवतो. देवाला बाकाखाली घालायचं नाही." माघ-फाल्गुनात चिक्कडपल्लीतल्या त्यांच्या घरी येणाऱ्या पत्रिका तो एप्रिलच्या परीक्षेसाठी जाडीप्रमाणे लावून ठेवायचा. त्या लग्नांना तो जायचा की नाही, आठवत नाही.

बाकाखालून निघाला की पिशवी उघडायची. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे चार, कारण डोक्यावरचा पंखा एकतर बंद असतो किंवा उत्तरपत्रिका उडवून तिसऱ्या रांगेत नेतो, मधली अवस्था त्याला ठाऊक नसते. मनगटाखाली घ्यायला जुन्या धोतराचा तुकडा, म्हणजे घामानं शाई पसरत नाही. शिसपेन्सिली दोन, कारण पावसाचं पाणी टपकलं तर शाईची आकृती धुपते, शिसाची राहते. आणि कानात घालायला कापूस. मेडिकलच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमात फुकट मिळणारी वस्तू म्हणजे कापूस, आणि तीसुद्धा पाच वर्षांत फक्त ह्यानंच वापरली, असं माझं मत आहे.

मी 1987 साली नांदेडहून छोट्या रुळांच्या गाडीनं काचीगुड्याला उतरलो तो मोठ्या अपेक्षा घेऊन. हैदराबाद म्हणजे राजधानी, मेडिकल कॉलेज म्हणजे संगमरवर, परीक्षा म्हणजे गंभीर शांतता. कॉलेजचं नाव सांगत नाही. मुशीराबादला पूर्वी तुरुंग होता आणि आता तिथं गांधी मेडिकल कॉलेज आहे, ते आमचं नव्हे. आम्ही शिकत होतो तेव्हा तिथं अजून कैदीच होते. आमच्या परीक्षेचा हॉल पत्र्याच्या छपराचा होता. झरोक्यात कबुतरं. खिडकीपलीकडे जनरेटर, आणि त्याच्यापलीकडे मंगल कार्यालय. एप्रिल महिना हा विद्यापीठाला परीक्षेसाठी आणि पुरोहितांना मुहूर्तांसाठी एकाच वेळी सुचतो, हे मला तिथं कळलं.

पाचरचं घर पाहिलं तेव्हा त्याच्या शास्त्राचा उगम सापडला. आजोबा उमरीकडचे. निजामाच्या काळात माल खात्यात कारकून म्हणून हैदराबादेत आले आणि कायमचे इथले झाले. 1956 च्या वाटणीत मराठवाडा मुंबई राज्यात गेला. हे कुटुंब मात्र चिक्कडपल्लीतल्या दोन खोल्या आणि एका ओसरीत जागचं हललं नाही. गल्लीच्या एका टोकाला आरटीसी क्रॉस रोड्स: सुदर्शन, संध्या, देवी, सगळी थेटरं हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या टोकाला नगर केंद्र ग्रंथालय, जिथं अर्ध्या तेलंगणातली पोरं सरकारी नोकरीच्या परीक्षांसाठी झाडाखालीसुद्धा जागा धरून बसतात.

"तू लायब्ररीत का जात नाहीस?" मी विचारलं.

"तिथं फार शांत असतं," तो म्हणाला. "सवय लागेल."

म्हणून शुक्रवारी नवा सिनेमा लागला की हा ओसरीवर पुस्तक घेऊन बसायचा. बाहेर हिरोच्या तीस फुटी कटआउटवर दुधाच्या कळशा रिकाम्या होत, नारळ फुटत, तीनमारचा ताल धरून शे-दोनशे पोरं रस्त्यावर नाचत. आत हा पेनिसिलिनचे दुष्परिणाम पाठ करी. आषाढात बोनालूच्या मिरवणुकी, भाद्रपदात गणपती, बाकी वर्षभर त्यागराय गानसभेत कोणाचा तरी सत्कार. अभ्यासाचं वेळापत्रक तो पंचांग आणि सिनेमाच्या जाहिराती समोर ठेवून करायचा. अवघड विषय मोठ्या हिरोच्या दिवशी, सोपा विषय नवख्याच्या.

स्टेथोस्कोप हाती आल्यावर तर आजीची पंचाईत झाली. म्हातारीच्या हृदयाला वयोमानाप्रमाणे एक बारीक फुसफुस होती. तिला त्याचा त्रास नव्हता, ह्याला होता. मी स्वतः पाहिलं आहे: शुक्रवारची सकाळ, बाहेर ढोलांनी भिंतीचा पोपडा हलतोय, आजी पाटावर बसून वाती वळतेय, आणि हा तिच्या नऊवारी पदराच्या कडेनं स्टेथोस्कोप सरकवत डोळे मिटून बसलाय. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आजीनं एक वात वळून ताम्हनात ठेवली आणि विचारलं, "सापडलं का रे बाळा?"

"ढोल सापडला, आजी. थांब जरा."

"थांबते. मला कुठं जायचंय."

ह्या माणसाच्या देवघरात वेंकटेश्वराच्या कापलेल्या चित्रांशेजारी आणखी एक दैवत होतं: सर रोनाल्ड रॉस. मलेरिया डासातून पसरतो ह्याचा छडा ह्या डॉक्टरनं लावला तो इथं, सिकंदराबादच्या लष्करी दवाखान्यात, 20 ऑगस्ट 1897 ला. आमच्या दृष्टीनं तो मायक्रोबायोलॉजीतला पाच मार्कांचा प्रश्न. पाचरच्या दृष्टीनं ते वाईट परिस्थितीत दिलेल्या परीक्षेचं पुराण. दरवर्षी 20 ऑगस्टला तो सायकलवरून बेगमपेटला त्या इमारतीचं दर्शन घ्यायला जायचा. एकदा मलाही डबलसीट नेलं आणि वाटभर ऐकवलं. रॉस फाडलेले डास तपासायचा, म्हणून पंखा चालवता यायचा नाही. वाऱ्यानं डासच उडून जायचे. उकाडा असा की कपाळाच्या आणि हातांच्या घामानं मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले. शेवटचा उरलेला आयपीस, त्यालाही तडा. "आणि तरी दिसलं त्याला!" पाचर पेडल थांबवून सांगायचा. "डासाच्या पोटात. तडा गेलेल्या काचेतून. 1902 ला नोबेल. आयपीस धड असता ना, तर आळसावला असता."

हा निष्कर्ष मला तेव्हाही पटला नव्हता, आजही नाही. आयपीस धड असता तर बिचाऱ्याला कदाचित आठ दिवस आधी दिसलं असतं. पण रॉसच्या चरित्रातला एक तपशील मात्र मी आवडीनं लक्षात ठेवला आहे. इंग्लंडातल्या अपॉथेकरीज सोसायटीच्या परीक्षेत तो पहिल्या खेपेला नापास झाला होता. नापास माणसाला असे तपशील बरोब्बर सापडतात.

मी फार्माकॉलॉजीत नापास झालो. त्या दिवसाची कथा मी इतक्यांदा सांगितली आहे की आता घरची पोरं मला मध्येच तोडून पुढचं सांगतात. पेपर चाळीस मिनिटं उशिरा आला. आल्यावर करंट गेला. जनरेटर लागला, त्याचा धूर आत आला. अवकाळी वळीव झाला, पत्र्यावर असा काही तडतडाट की शेजारच्या मंगल कार्यालयातली सनई ऐकू येईना, आणि तिसऱ्या ओळीवर पाणी टपकायला लागलं. इन्व्हिजिलेटरनं हुकूम दिला: बाकं सरकवा. झालं. सरकवलेल्या सगळ्या बाकांच्या पाचरी जुन्या जागी राहिल्या. पाचर उठला. आपलं उत्तर अर्धं टाकून तो पहिल्यांदा एका मुलीच्या बाकाखाली गेला, मग दुसऱ्याच्या, मग माझ्या. "अरे, तू लिही ना," मी म्हणालो. "तुझा हात हलतोय," तो खालून म्हणाला, "मला तिकडून दिसत होतं." माझा हात बाकामुळं हलत नव्हता. दुसऱ्या प्रश्नामुळं हलत होता. पण हे त्याला सांगायची ती वेळ नव्हती.

शेवटी कबुतरानं माझ्या पुरवणीवर जे करायचं ते केलं आणि मी पेन खाली ठेवलं.

निकालानंतर वडिलांना सविस्तर पत्र लिहिलं: उशीर, करंट, धूर, पाऊस, सनई, कबुतर. उलट टपाली पोस्टकार्ड आलं. त्यात एकच ओळ होती: "कबुतरं हॉलमध्ये एकट्या तुझ्याच डोक्यावर होती काय?"

पाचर पास झाला होता. फार नाही, पन्नासच्या वर जेमतेम. त्याच्या मार्कांना कधी चमक नव्हती. त्याचा अर्धा वेळ दुसऱ्यांच्या बाकांखाली जायचा. पण निकालाच्या दिवशी त्यानं मला इराण्याच्या हॉटेलात चहा पाजला आणि समजूत घालताना म्हणाला, "सप्लिमेंटरी ऑक्टोबरात आहे. तेव्हा लग्नं नसतात. फक्त दांडियाचा सराव करून ठेव."

फायनलची प्रॅक्टिकल परीक्षा वॉर्डातच असते. लाँग केस म्हणजे एक पेशंट, पाऊणएक तास, आणि मग बाहेरगावचा एक्झॅमिनर समोर स्टुलावर. रोल नंबरात आम्ही लागून, त्यामुळं त्याची केस चालू असताना मी पडद्याआड घाम पुसत उभा. पेशंट खैरताबादचा रिक्षावाला, मायट्रल व्हॉल्व्ह आकसलेली. ह्या आजारात हृदयाच्या टोकाशी एक खालच्या पट्टीची घरघर असते, तीही पेशंट डाव्या कुशीवर वळवून, स्टेथोस्कोपची घंटा हलकेच टेकवली तरच सापडते. वॉर्डात त्या वेळी पंखा खडखडत होता, ट्रॉलीचं एक चाक किंचाळत होतं, कोणाचा तरी जावई आणि सासरा दख्खनीत भांडत होते. "नक्को बोला ना मैं!" हे इतक्या वेळा ऐकू आलं की आपला मराठी "नको" इथं किती सुखात नांदतोय ह्याचंच मला कौतुक वाटायला लागलं. आमच्यातली हुशार हुशार मुलं सकाळपासून एकामागून एक सांगत होती, "सर, काही ऐकू येत नाही." पाचरनं घंटा टेकवली, डोळे मिटले, आणि ओठ हलले. "थांब, आजी," असं तो म्हणाला ह्याची मी शपथ घ्यायला तयार आहे. मग त्यानं घरघर कुठं, किती, केव्हा, सगळं सांगितलं.

एक्झॅमिनर पुढं झुकला. प्रश्न विचारणार, तेवढ्यात स्टूल टक् वाजलं. तो मागं रेलला, पुन्हा टक्. पाचर उपचाराच्या पहिल्या वाक्यात होता, तो थांबला. सरांच्या डोळ्यांकडं पाहायचं सोडून तो त्यांच्या पायांकडं पाहायला लागला. टक्. "सर, एक मिनिट," म्हणाला, आणि एम.बी.बी.एस.च्या अंतिम परीक्षेत, एप्रनसकट, एक्झॅमिनरच्या स्टुलाखाली गेला.

वॉर्ड गप्प झाला. सासरासुद्धा.

वर आला तेव्हा एक्झॅमिनर डावीकडं रेलून पाहत होता, उजवीकडं रेलून पाहत होता. सकाळी आठपासून तो बिचारा त्या तीन-सव्वातीन पायांवर कंबर सांभाळत बसला होता आणि त्या भरात प्रत्येकाला पाच मिनिटांत कटवत होता. "काय होतं ते?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"वेडिंग कार्ड, सर."

"गुड. जा."

पुढचा नंबर माझा. एक्झॅमिनर आता पहिल्यांदाच ऐसपैस बसला होता. त्यानं चष्मा पुसला, पाय पसरले, चहा मागवला, आणि मला पंचवीस मिनिटं विचारलं.

परवा मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला चिक्कडपल्लीत गेलो. आता तिथं मेट्रोचं स्टेशनच आहे; पुलाच्या सावलीत त्याचा दवाखाना. खाली हॉर्न, वर गाडी, समोर रस्ता खोदणारं यंत्र, आणि मध्ये तो एका बाईंचं ब्लडप्रेशर घेत बसलेला. यंत्र थांबेपर्यंत थांबला नाही. केस सगळे गेलेत. भिंतीवर रॉसचा फोटो, त्याच्यावर हार. तो ताजा होता. मी बसलो ते स्टूल दगडासारखं घट्ट.

पत्रिका हातात दिली. त्यानं पाकीट उघडलं, नावं वाचली नाहीत, तारीख वाचली नाही. अंगठा आणि तर्जनीत धरून कोपरा हलकेच वाकवला आणि चमकून माझ्याकडं पाहिलं.

"मराठी पत्रिका, आणि एका घडीची?"

"जावई वारंगलचा आहे," मी म्हणालो. "छपाई त्यांच्याकडची."

त्याचा चेहरा उजळला. मागं वळून त्यानं कंपाउंडरला कात्री आणायला सांगितली आणि मला म्हणाला, "आणखी तीन-चार असतील तर ठेवून जा."