बागेचे आरक्षण : लागवड, निगा आणि काढणी

वाढत्या शहरात बाग करणे फारसे अवघड नाही. जागा, माती, पाणी आणि एक माळी मिळाला की झाले. बागेचे आरक्षण मात्र दमाचे पीक आहे. त्याला दहा-वीस वर्षांची निगा लागते. नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकाला फेटे, हार आणि सत्कारांच्या गडबडीत हे कोणी शिकवत नाही, म्हणून ही माहिती.

पेरणी विकास आराखड्यात होते. तिचे पंचांग म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966. आधी आहे त्या जमीनवापराचा नकाशा, मग प्रारूप आराखडा, मग हरकती-सूचनांसाठी 30 दिवस, नियोजन समितीपुढे सुनावणी आणि शेवटी सरकारची मंजुरी. यातले 30 दिवस जपावेत. सूचना प्रसिद्ध करावीच लागते, त्याला इलाज नाही; पण नकाशा भिंतीवर किती उंच टांगावा हे कायद्यात लिहिलेले नाही. खालून रंग दिसावेत, गट नंबर दिसू नयेत, इतपत उंची योग्य.

जमिनीची निवड करताना पालिकेच्या मालकीची जागा कटाक्षाने टाळावी; तिथे खरोखरच बाग होण्याचा धोका असतो. खाजगी, मोठ्या रस्त्याला लागून, सातबाऱ्यावर तीन भाऊ आणि हिश्शासाठी कोर्टात गेलेली एक बहीण, अशी जमीन उत्तम. पेरणी झाल्यावर 'नियोजित उद्यानाची जागा' असा फलक रोवावा. खांब सिमेंटचे घ्यावेत.

आता निगा. निगा म्हणजे काही न करणे, आणि ते दिसते तितके सोपे नाही. आरक्षित जागा ताब्यात घ्यायला कायद्याने तीन वाटा ठेवल्या आहेत: वाटाघाटीने मोबदला, टीडीआर (पैशांऐवजी दिलेला, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा भूसंपादन. 2013 च्या भूसंपादन कायद्याने शहरातला मोबदला बाजारभावाच्या दुपटीवर नेला, त्यामुळे पैशांची वाट आपोआप बंद राहते. अर्थसंकल्पात टोकन तरतूद टाकली की पुरे. राहिला टीडीआर. मुंबई-पुण्यात त्याला गिऱ्हाईक असते. लहान शहरात बांधणाऱ्यांचा मूळचा एफएसआयच, म्हणजे प्लॉटवर मुळात मिळणारे बांधकामच, संपत नाही, तिथे मालकाने तो कागद विकायचा कोणाला? तरी पालिकेने तो देऊ करत राहावे. पत्रव्यवहाराने फाइल जाड होते आणि जाड फाइल कामासारखी दिसते.

मधल्या काळात तण माजते. या तणाचे नाव गुंठेवारी. शेतजमीन एकेक गुंठ्याने, म्हणजे 1089 चौरस फुटांनी, स्टॅम्पपेपरवर विकली जाते; आधी घर येते, मग विजेचा खांब, मग नगरसेवक, आणि रस्ता-गटार आलेच तर शेवटी. सरकारने 2001 साली नियमितीकरणाचा कायदा केला तेव्हा मुदतीची रेघ 1 जानेवारी 2001 वर होती. 2021 च्या दुरुस्तीने ती 31 डिसेंबर 2020 वर आली. रेघ वीस वर्षे सरकू शकते हे पाहिलेल्या माणसाला परवानगीसाठी रांगेत उभे राहा, असे कोणत्या तोंडाने सांगणार? सांगलीत तर अशा वसाहती सखल भागातही पसरल्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फूट गाठले, तेव्हा कोणते घर कोणत्या रेषेच्या आत आहे हे नदीने नकाशा न मागता दाखवले. हा परिच्छेद विनोदी करता आलेला नाही.

काढणीचे कलम त्याच 1966 च्या अधिनियमातले 127. आराखडा अमलात येऊन 10 वर्षे झाली आणि जागा घेतली गेली नाही, की मालक नोटीस देतो. पालिकेला पूर्वी 6 महिने मिळत. 2009 च्या दुरुस्तीने 12 झाले, 2015 च्या दुरुस्तीने 24. तेवढ्यात संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले पडली नाहीत, तर आरक्षण गळून पडते. सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात, नुसता पत्रव्यवहार म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे, असे स्पष्ट केले. जाड फाइल तिथे उपयोगी पडली नाही, हे नवोदितांनी ध्यानात घ्यावे.

तर नोटीस आवक-जावकमध्ये येते. तिथून नगररचना, मग विधी, मग लेखा. लेखा विभाग 'निधी उपलब्ध नाही' असा शेरा मारतो आणि फाइल पुन्हा नगररचनेत येते. चोविसावा महिना लागला की विषय सभेत ऐनवेळी आणावा. नगरसेवकाने उभे राहून जनतेच्या हक्काची इंचभरही जागा सोडणार नाही, असे ठणकावावे; बाके वाजतात. संपादनाचा ठराव एकमताने मंजूर होतो, तरतूद पुढील अर्थसंकल्पात करण्याचे ठरते, आणि इतिवृत्त कायम होईपर्यंत मुदत उलटते. मालकाला जमीन मिळते, नगरसेवकाला भाषण, बिल्डरला रस्त्याकडेचा प्लॉट. सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांनी विचारणा केल्यास कोर्टाकडे बोट दाखवावे.

दुसरा हंगाम वीस वर्षांनी, आराखड्याच्या फेरतपासणीत येतो. तोवर बहुधा हद्दवाढ झालेली असते आणि शेजारच्या गावची ताजी शिवारे नकाशात आलेली असतात. बागेचे आरक्षण तिकडे पेरावे. फलक नवा करण्याची गरज नाही. जुना उपटून न्यावा, खांब अजून चांगले असतात.