किंबर्ली प्रमाणपत्रसाहेबांना अनावृत पत्र

प्रति,
माननीय किंबर्ली प्रमाणपत्रसाहेब,
मुक्काम : रफ हिऱ्यांचे सीलबंद पाकीट

स. न. वि. वि.

१ जानेवारी २००३ पासून आपण कच्च्या हिऱ्यांसोबत, ते 'संघर्षमुक्त' असल्याची ग्वाही देत, देशोदेशी हिंडता आहात, त्याबद्दल आम्हा डोलवीकरांतर्फे त्रिवार आभार. अंगोला, सिएरा लिओनमध्ये हिरे विकून बंदुका घेतल्या जात. आपण आलात आणि सगळे कसे कागदोपत्री शुद्ध झाले!

आपली व्याख्या तर किती मोजकी. बंडखोरांनी सरकारविरुद्धच्या लढाईचा खर्च हिऱ्यांतून काढला, तरच हिरा वाईट. बंदूक सरकारी असली की आपल्या मनात किंतु नाही. २००८ मध्ये झिम्बाब्वेतल्या मरांगेच्या खाणींवर सैन्याने दोनशेहून अधिक माणसे मारली, असे ह्यूमन राइट्स वॉचने सांगितले. आपण थोडे रुसलात, पण २०११ मध्ये तिथल्या निर्यातीला मान डोलावलीत. आपल्या जन्मासाठी खटपट केलेली ग्लोबल विटनेस ही संस्था त्याच वर्षी आपल्याला रामराम ठोकून गेली. हल्ली माणसांना उपकारांची जाणीव कुठे राहिली आहे?

रशियाने युक्रेनवर चाल केली तेव्हाही आपण डगमगला नाहीत. सरकार ते सरकार! शेवटी जी-७ देशांना २०२४ मध्ये रशियन हिऱ्यांवर स्वतःची वेगळी बंदी घालावी लागली.

पण खरे ऋण वेगळेच. पेणच्या एका पेढीवर भाचीसाठी हिऱ्याच्या कुड्या घेतल्या. "लॅबचं सर्टिफिकेट आहे, निर्धास्त राहा," सराफ म्हणाले. पाहिले. वजन, रंग, क्लॅरिटी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजमाप. देश तेवढा नाही. पैलू पाडलेला हिरा नुसता पाहून तो कुठल्या देशातला, हे प्रयोगशाळेला सांगता येत नाही म्हणे. त्यासाठी तो रफ असतानाच आपल्यासह तिथे दाखल करायचा, म्हणजे पैलू पडल्यावर तोच खडा ओळखता येतो. एवढी महागडी यंत्रे, आणि देशाच्या नावापुरता भरवसा कागदावर!

आणि आपण? लॉट मिसळीचा असेल तर देशाचे नाव लिहायचे बंधनच नाही. आमचा सातबारा बघा, मुंबईला जाऊन वारलेल्या चुलत्याचेही नाव अजून त्यावर ठाण मांडून आहे.

शिवाय सुरतेत हिरा पैलू पाडायच्या घंटीवर चढला की आपण लगेच सेवानिवृत्त. पुढे विकणाऱ्याने बिलावर 'हिरा संघर्षमुक्त आहे' असे स्वतःच लिहायचे. स्वतःला चारित्र्याचा दाखला द्यायची ही सोय आमच्या ग्रामपंचायतीत अजून आलेली नाही.

व्याख्या बदला, असे लोक वर्षानुवर्षे विनवतात. पण आपल्याकडे एकमताशिवाय पान हलत नाही, आणि ज्याच्याकडे बोट दाखवायचे त्याचीही संमती लागते. केवढी ही सभ्यता! सावकाश होऊ द्या.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला आज्ञाधारक,
एक डोलवीकर गिऱ्हाईक

ता. क. कुड्यांचे बिल सोबत जोडले आहे. सराफांच्या सहीखाली आपल्या सहीसाठी जागा सोडली आहे.