पाठीमागची मावशी

वसईच्या कुठल्याही धर्मग्रामात अशी एक मावशी असतेच. नवऱ्या मुलाचं नाव कळायच्या आधी तिला नवरीच्या गाऊनची मागे लोळणारी ट्रेन किती फूट हवी ते कळलेलं असतं. ती सख्खी असायला हवी असं नाही. स्वतःच्या लग्नात ती साडी नेसली होती. तिच्या आजीचं लुगडं तर काष्ट्याचं. म्हणजे घराण्यात कुणाच्या मागे जमिनीवर वीतभर कापड लोळलेलं नाही. पण अधिकार मोठा.

तिचा सिद्धांत पक्का आहे. मिस्सा तासभराची, फादरचं तोंड लोकांकडे, नवरीचं वेदीकडे. मग बाकांवरच्या लोकांनी बघायचं काय? पाठच ना! पुढचं भरतकाम एकट्या फादरना दिसतं, आणि त्यांना त्यातलं काही कळत नाही.

बांद्र्याच्या दुकानातली मुलगी आधी स्वीप दाखवते, जमिनीला जेमतेम टेकणारी. "शिंप्याने उंची चुकवलेली दिसतेय," मावशी म्हणते. कोर्ट फूटभर मागे येते. "रविवारी घालायला बरी." चॅपल, तीन-चार फूट. "आमचं चर्च काय चॅपल वाटलं तुला?" मग सहा-आठ फुटांची कॅथीड्रल निघते आणि मावशी पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसते. 1998 साली वसई धर्मप्रांत झाला, पापडीचं चर्च कॅथीड्रल झालं, आणि त्या दिवसापासून इथल्या समस्त नवरीमुलींना आपोआप बढती मिळाली, असा तिचा हिशेब. नवरी पापडीची नसली तरी चालतं; धर्मप्रांत एकच.

नवरी हळूच विचारते, "हुकाची घेऊ या? नाचताना काढता येते."

"काढायचीच तर लावायची कशाला, बाय?"

मग दाखले निघतात. डायना, 1981, सेंट पॉल, पंचवीस फूट! तो रेशमी टॅफेटा बग्गीत पार चुरगळला होता, हे मावशी सांगत नाही. केटची 2011 साली नऊएक फूटच होती, "पोरगी समजूतदार, पण राजाच्या घरात कसली काटकसर?" प्रियांका चोप्राचे पंचाहत्तर फूट ट्रेनचे नव्हते, डोक्यावरच्या वेलचे होते. मावशी फूट मोजते, कापड कुठून निघालं ते बघत नाही.

चर्चमधल्या लादीवर ट्रेन झकास सरकते, हे कबूल करायला हवं. खरी परीक्षा दाराबाहेर. पेव्हर ब्लॉक, वाडीतली माती, पुढे वाजणारा बँड आणि ट्रेनवर बसायला टपलेली फ्लॉवर गर्ल. हॉलवर पोचल्यावर ट्रेन उचलून कमरेखालच्या बारीक बटणांना अडकवायची असते. दुकानातल्या मुलीने ते एकदा दाखवलेलं असतं, नवरी विसरलेली असते. मावशी चष्मा सरसावते, तोंडात सेफ्टी पिना धरते आणि गुडघ्यांवर बसते. पहिल्या नाचात नवरदेवाचा बूट ट्रेनवर पडतो, एक फास तुटतो, ती पुन्हा बसते. ताटातलं इंद्याल गार होतं. अल्बम आला की जवळजवळ प्रत्येक फोटोत कोपऱ्यात एक वाकलेली पाठ निघते. लोकांना पाठच दिसते, हे मावशीचं म्हणणं खरंच ठरतं.

शिवाय गाऊन भाड्याचा. किनारीच्या मळाचे पैसे अनामत रकमेतून जातात, ते बापाचे.

तुमच्या घरी मे महिन्यात लग्न असेल तर ऐका: चॅपल पुरे. फक्त हे मावशीला तुम्हीच सांगा.