एक फ्रेश लाइम सोडा

नाहूरला फास्ट लोकल थांबत नाही. भांडुप आणि मुलुंड या दोन मातब्बर स्टेशनांच्या मधे हे स्टेशन अंग चोरून उभं आहे. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग, त्याच्या कडेच्या जुन्या कारखान्यांच्या जागी आता टॉवर, टॉवरखाली बँक, जिम, केकचं दुकान, आणि मधेच काळ्या काचांचं दार व वर पाटी: परमिट रूम. शुक्रवारी संध्याकाळी कोणी ठाण्याहून येतो, कोणी पूल ओलांडून ऐरोलीहून. टेबल धरलं जातं, वेटर पॅड काढतो. ब्रँड ठरतो, पाणी की सोडा ठरतं, आणि मग वेटरची नजर कोपऱ्यातल्या एका गृहस्थाकडे वळते. तीही उपचारापुरतीच. ओळखीचा असेल तर तो विचारतसुद्धा नाही, परस्पर लिहून घेतो. एक फ्रेश लाइम सोडा.

आपला नायक तो हाच. चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बरी, स्वभाव मनमिळाऊ. टेबलावर त्याला सगळे ‘फ्रेश लाइम’ म्हणूनच हाक मारतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. त्याच्यात खोट अशी एकच. त्याला दारूची चव आवडत नाही.

न पिणाऱ्याला आपल्याकडे मान आहे, पण कारण पुराव्यासकट द्यावं लागतं. गळ्यात तुळशीची माळ असेल तर प्रश्नच मिटला. माळकऱ्याला आग्रह करायची छाती अट्टल पिणाऱ्यालाही होत नाही. श्रावण चालतो, चतुर्थी चालते, गुरुवार चालतो. ‘गोळ्या चालू आहेत’ चालतं. ‘लिव्हरचा रिपोर्ट आलाय’ तर फारच चालतं. अख्खं टेबल हळहळतं आणि पुढचा पेग त्याच्या प्रकृतीच्या नावाने घेतं. ‘बायकोला शब्द दिलाय’ म्हटलं की हसतात, पण सोडून देतात. ‘चव आवडत नाही’ हे कारण मात्र यादीतच नाही. कारल्याची भाजी आवडत नाही म्हणणाऱ्याची कोणी खांद्यावर हात ठेवून समजूत घालत नाही. इथे मात्र दोघे खुर्च्या सरकवून जवळ येतात आणि त्यांतला वडीलधारा आवाज खाली आणून म्हणतो, “अरे, सुरुवातीला कोणालाच आवडत नाही.”

“मग सुरुवात का केलीत?” असं फ्रेश लाइमने एकदा निरागसपणे विचारलं होतं. त्यावर थोडा वेळ शांतता पसरली आणि मग कोणीतरी चणा कोळीवाडा रिपीट करायला सांगितला.

त्याचं शिक्षण करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. मित्रांनी त्याला रीतसर अभ्यासक्रम आखून दिला होता. पहिली पायरी बिअर. “माइल्ड घे, थंडगार घे, पाण्यासारखी लागते.” ती पाण्यासारखी लागली नाही, ती कडू लागली, कारण ती कडूच असते. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं तिच्यात मुद्दाम त्यासाठी घालतात. दुसरी पायरी स्प्राइटमधली व्होडका. “कळतसुद्धा नाही घातलीय म्हणून!” यावर त्याचा प्रश्न असा की कळायचंच नसेल तर नुसत्या स्प्राइटने काय घोडं मारलंय? तिसरी पायरी ओल्ड मंक. या रमवर माणसं आजोळासारखा जीव टाकतात. मोहन मीकिनने ती १९५४ साली आणली, तिला व्हॅनिलाचा वास येतो, थम्सअपमध्ये ती विरघळून जाते आणि तिच्यावर वाईट बोललं की मैत्री तुटते. फ्रेश लाइमने वास घेतला आणि तो खरोखर आवडल्याचं सांगितलं. टेबलाने टाळ्या वाजवल्या. मग त्याने घोट घेतला. व्हॅनिला नाकातच राहिली. तोंडात उतरलं ते ४२.८ टक्क्यांचं वास्तव.

याच काळात त्याने एक गोष्ट हेरली आणि ती अजून कोणाला खोडून काढता आलेली नाही. टेबलावरची सगळी व्यवस्था चव लपवण्यासाठी आहे. व्हिस्कीत सोडा, रममध्ये कोला, जिनमध्ये टॉनिक, देशीवर मीठ-लिंबू. घोट घेतल्याबरोबर हात जातो तो मसाला पापडाकडे. टकीलाचं तर पाहायलाच नको: आधी मीठ चाटायचं, मग डोळे मिटून गिळायची, मग लिंबू चावायचं. डोळे मिटून कोणी श्रीखंड खाल्ल्याचं ऐकिवात नाही. त्याचा सिद्धांत असा की टेबलावर बसलेल्यांपैकी बहुतेकांना चव आवडत नाहीच; ते पुढची वाट बघत ती सोसतात. हा काय तो एकटा कबूल करतो, म्हणून विक्षिप्त ठरतो.

सिंगल माल्टवाले यावर खवळतात. त्यांना आवडते, हे मान्य करायला हवं. पण ते पाण्याचे दोन थेंब मोजून घालतात आणि ‘पीट’, ‘धूर’, ‘ओकचं पिंप’ असं बोलू लागतात, तेव्हा सोडावाले मित्रही त्यांच्याकडे फ्रेश लाइमच्याच नजरेने बघतात.

विज्ञान त्याच्या बाजूने आहे, निदान अर्धं तरी. १९३१ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हा रसायनशास्त्रज्ञ एक पूड बाटलीत भरत होता. थोडी हवेत उडाली. शेजारचा सहकारी कडू कडू म्हणून ओरडू लागला, फॉक्सला काहीच लागेना. दोघांनीही चाखून पाहिली, तेव्हा एकाच्या जिभेला विषासमान कडू असलेलं दुसऱ्याच्या जिभेला बेचव निघालं. पुढे कळलं की हा फरक आनुवंशिक असतो, आणि ज्यांची जीभ अशा कडूपणाला जास्त जागी असते त्यांतल्या बऱ्याच जणांना दारूही जास्त कडू लागते. शिवाय घशात जी आग होते तीही नुसती कल्पना नाही. मिरचीने तोंडातल्या मज्जातंतूंवरचा जो उष्णतेचा ग्राहक चेतवला जातो, तोच मद्यार्कही चेतवतो. एरवी साधारण ४२ अंशांना जागा होणारा हा ग्राहक मद्यार्काच्या संगतीत ३४ अंशांनाच जागा होतो. म्हणजे आपल्याच तोंडाची ऊब आपल्याला भाजू लागते. फ्रेश लाइमने हे सगळं वाचून एका शुक्रवारी टेबलासमोर मांडलं. लोकांनी मन लावून ऐकलं. शेवटी एकजण गहिवरून म्हणाला, “म्हणजे जन्मजात आहे रे बिचाऱ्याला.”

ऑफिसच्या सहलींनी त्याला दोन सुखं दिली. एक नाशिकला. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षबागेत वाइन चाखण्याचा कार्यक्रम असतो: पेला तिरपा धरा, फिरवा, हुंगा, घोट तोंडात घोळवा. रेड वाइनने त्याची जीभ टाळ्याला चिकटली. टॅनिन लाळेतली प्रथिनं धरतं, त्याने ही कोरड पडते. तो कुठे पळावं या विचारात असताना मार्गदर्शकाने टेबलावरचं एक भांडं दाखवलं आणि सांगितलं की जाणकार लोक घोट यात थुंकतात. आयुष्यात पहिल्यांदा त्याची आणि जाणकारांची कृती एक झाली. त्याने ते भांडं जवळ ओढून घेतलं आणि सहाही वाइन अत्यंत जाणकारीने चाखल्या.

दुसरं सुख गोव्यात, एप्रिलमध्ये. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक निघते. ती याच मोसमात मिळते, पुढे आणखी गाळली की फेणी. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्या वासाला ते न मागता आधीपासूनच होतं. बाटली उघडली की पुढच्या खोलीत कळतं. हुर्राक लिम्कात घालून, लिंबू पिळून, मीठ टाकून, हिरवी मिरची उभी चिरून पितात. फ्रेश लाइमने हुर्राक सोडून बाकी सगळं मागवलं. मिरची-मिठाचा लिम्का त्याला इतका आवडला की आता तो घरी पाहुण्यांना तोच करून देतो.

गंमत म्हणजे मद्यार्क त्याच्या पोटात लहानपणापासून जातोय. घरातल्या काचेच्या कपाटात द्राक्षासव असायचं. बाळंतिणीसाठी आणलेल्या दशमूलारिष्टाची उरलेली बाटली आजीने अशक्तपणाच्या नावाखाली सगळ्यांना पाजली. आसवं आणि अरिष्टं आंबवूनच होतात, आणि लेबलवर आपोआप तयार झालेल्या मद्यार्काचं प्रमाणही छापलेलं असतं. त्याबद्दल घरात कधी कोणाची भुवई उंचावली नाही. कायद्याचीसुद्धा नाही: मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५१ च्या बलसारा खटल्यात मद्यार्क असलेल्या औषधांना त्यातून सोडवलं गेलं. तो कायदा बदलत बदलत आजही चालू आहे. त्यामुळे महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे कागदोपत्री परवाना हवा. विदेशी मद्याचा एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. बिअरला वय २१ लागतं, व्हिस्कीला २५. न पिणाऱ्याला सरकार काही विचारत नाही. विचारतात ते मित्र.

राहता राहिलं मराठी साहित्य, तर तिथेही त्याची सोय नाही. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं, त्याला शंभरावर वर्षं झाली, पण पहिला प्याला पोटात गेला की पुढचे आपोआप जातात ही भीती मराठी घरांत अजून शिल्लक आहे. फ्रेश लाइमच्या आईनेही मुलगा कॉलेजच्या गॅदरिंगला निघाला तेव्हा नाटकातल्या सुधाकरची आठवण करून दिली होती. त्याचे मात्र आजवरचे सगळे घोट मिळून जेमतेम एकच प्याला भरेल, आणि त्यातलाही अर्धा बेसिनमध्ये गेला.

चकण्याच्या बाबतीत तो टेबलाचा शत्रू आहे. बाकीचे घोटांत गुंतलेले असताना त्याचे दोन्ही हात मोकळे असतात. शेंगदाणा मसाल्यातला कांदा कुठे बारीक चिरतात, मसाला पापड कुठे दोन मिनिटांत मऊ पडतो, बोंबील फ्राय कुठला खरोखर ताजा, कोणत्या अण्णाकडे उकडलेल्या चण्यांवर खोबरं घालतात, हे भांडुप ते मुलुंड त्याला तोंडपाठ आहे. खाण्याची इतकी बारकाईने दाद देणारा ग्राहक परमिट रूमला दुसरा मिळत नाही. बिल मात्र समान वाटलं जातं. तो तक्रार करत नाही, कारण तंदुरी सुरमईचा हिशोब कोणी उघडू नये अशी त्याचीही इच्छा असते.

दुसऱ्या पेगनंतर त्याचं खरं काम सुरू होतं. एकच किस्सा तिसऱ्यांदा ऐकताना पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसायचं. कोण कोणाला ‘तू माझा भाऊ आहेस’ म्हणालं आणि त्याआधी त्याच भावाला काय म्हणालं होतं, हे लक्षात ठेवायचं. शनिवारी सकाळी पहिला फोन त्यालाच येतो: “काल मी काही बोललो का रे?” त्याने ठरवलं तर अर्ध्या नाहूरच्या मैत्र्या मोडतील. तो प्रत्येकाला सांगतो, “नाही रे, शांत होतास.”

वर्षातला एक महिना मात्र त्याचा असतो. आषाढ अमावास्येला घरात समया घासून पाटावर मांडतात, कणकेचे गोड दिवे होतात, आणि त्याच दिवशी बाहेर गटारी साजरी होते. मटणाच्या दुकानापुढच्या रांगेत फ्रेश लाइम पहिल्या पाचांत असतो. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. निम्मं टेबल सोड्यावर येतं आणि एका शुक्रवारातच चुळबुळायला लागतं. त्यांना कळतं की अमक्याचे विनोद फारसे बरे नाहीत, तमक्याचा शेअर बाजार कंटाळवाणा आहे आणि परमिट रूममधला टीव्ही फार मोठ्याने लावतात. फ्रेश लाइम शांतपणे चणे खात असतो. हे सगळं त्याला वर्षभर माहीत असतं.

लग्न जमवताना त्याच्या माहितीपत्रकात आईने ‘निर्व्यसनी’ लिहिलं होतं, ठळक अक्षरात. सासरच्यांना ते इतकं भावलं की अजूनही नातलगांत त्याचं उदाहरण दिलं जातं. एकदा सोसायटीच्या मंडळाने व्यसनमुक्तीवर चार शब्द बोलायला त्याला उभं केलं. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की आपण मोह वगैरे काही जिंकलेला नाही. तिची चव आमरसासारखी असती तर आपण आज कुठे पडलेले असतो ते सांगता येत नाही. टाळ्या जरा उशिरा आल्या. पुढच्या वर्षी वक्ता बदलला.

गाडीच्या किल्ल्या अर्थातच त्याच्याकडे. रक्तात शंभर मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर मद्यार्क सापडला तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, त्यामुळे ३१ डिसेंबरला त्याचा भाव वधारतो. नाकाबंदीत तो यंत्रात फुंकतो, शून्य येतं, हवालदार मागच्या सीटवर झोपलेल्या तिघांकडे बघतो आणि न राहवून विचारतो, “तुम्ही का नाही घेतली?”

गेल्या वाढदिवसाला मित्रांनी त्याच्यासाठी खास शून्य टक्क्यांची बिअर आणली. मद्यार्क अजिबात नाही, आता तुला काही सबब नाही, असं म्हणून सहा डबे पुढे ठेवले. त्याने एक फोडला, घोट घेतला आणि त्याचा चेहरा पूर्वीसारखाच झाला. एवढ्या मोठ्या कंपन्यांनी कोट्यवधी खर्चून नशा काढून घेतली होती आणि चव मात्र जशीच्या तशी राखली होती. उरलेले पाच डबे त्याने मजल्यावरच्या सेक्रेटरीकाकांना देऊन टाकले. काकांनी चष्मा न लावता त्या रात्री तीन संपवले, गॅलरीत येऊन दोन नाट्यपदं म्हटली आणि पार्किंगच्या वादावर खाली उभ्या असलेल्या विरोधी गटाला मनमोकळी माफी देऊन टाकली. सकाळी त्यांचं डोकं दुखत होतं. फ्रेश लाइमने लिंबूपाणी नेऊन दिलं. डब्यावर काय छापलंय ते सांगितलं नाही.