२३ किलोंचं पुण्य

सुट्टीच्या हंगामात टांझानियाच्या किलिमांजारो विमानतळावर उतरणाऱ्या गोऱ्या हौशी शिक्षकांच्या बॅगा पाहाव्यात. विमान कंपनी बहुधा बॅगेमागे २३ किलो देते. पुण्य तेवढ्यात कोंबायचं. आत काय? कुठल्याशा बँकेची फुकटातली पेनं, स्नोमॅनचे स्टिकर, टोकं मोडलेले क्रेयॉन आणि पहिल्या पानावर भलत्याच पोराचं नाव खोडलेली इंग्रजी चित्रपुस्तकं. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालतात, एवढी बारीक गोष्ट बॅगेत मावत नाही.

वह्या-पेन्सिली तिथल्या मोशी शहराच्या बाजारात हव्या तेवढ्या मिळतात. जादा बॅगेचं भाडं तिथल्या एखाद्या दुकानदाराच्या गल्ल्यात पडलं असतं, तर वर्गाला वह्या आल्या असत्या आणि त्याचाही धंदा झाला असता. पण दुकानाच्या पावतीबरोबर फोटो कोण काढतो?

पुन्हा येणाऱ्यांचं कौतुक आहे. निदान त्यांना पोरांची नावं तरी आठवतात. शिकवणं मात्र परत ‘ए फॉर ॲपल’पासून. रीतसर प्रशिक्षण घेतलेले तिथले गुरुजी हे पाहुणे असेपर्यंत मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवतात. हातात प्रमाणपत्र घेऊन नेमणुकीची वाट पाहणारे तरुण गावात आहेत ते वेगळेच. त्यांना कोण बॅगेत घालून आणणार?

मग सेरेंगेटीत सिंह बघून होतात. रिकाम्या बॅगांत मसाई बायकांनी ओवलेल्या मण्यांच्या माळा भरल्या जातात. भावात घासाघीस अगदी दणकून केलेली असते.