निम्मं यंत्र, निम्मी भिंत

नाशिकला आईच्या खोलीत पहिला एसी घेतला तेव्हा दुकानात तासभर घासाघीस केली. किती टनाचा, किती स्टारचा, वॉरंटी किती वर्षांची, जुन्या कूलरचे किती वजा करणार. भिंत कोण फोडणार, भिंतीची जाडी किती, हे मी विचारलं नाही आणि दुकानदारानेही काढलं नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत आईने पुढची दोन वर्षं मोजली. म्हणून स्पष्ट लिहितो. भिंतीतून आरपार बसणारा एसी दुकानात निम्माच विकत मिळतो. उरलेला निम्मा गवंडी आणि फिटर भिंतीत घडवतात, आणि त्या निम्म्याला आपल्याकडे कुणी किंमत देत नाही.

आईचं घर जुनं. चौदा इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, कॉलम एकही नाही. अशा घरात भिंतच खांबाचं काम करते. फिटर आला, पेन्सिलीने चौकोन आखला आणि छन्नी-हातोड्याने चाळीस मिनिटांत सव्वादोन फूट रुंद, दीड फूट उंच भोक पाडून मोकळा झाला. एसी आत सरकवला, फटींत थर्माकोल कोंबलं, वरून पांढरं सिमेंट फासलं, सही घेतली, गेला.

पहिली चूक भोकाच्या डोक्यावर होती. दार-खिडकीवर आपण लिंटेल टाकतो, कारण वरच्या विटांचं ओझं दोन्ही बाजूंच्या भिंतीवर उतरायला हवं. एसीचं भोक ही झडपा नसलेली खिडकीच. मग तिला लिंटेल का नको? पावसाळा सरेपर्यंत भोकाच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी भेग निघाली. नव्या इमारतीत ओझं कॉलम-बीमवर असतं, तिथे धोका निराळा. छन्नीला सळई लागली की काम तिथेच थांबलं पाहिजे. ‘थोडीच कापतो’ म्हणणाऱ्याला हात धरून थांबवा. ती सळई वरच्या मजल्यांचीही आहे.

दुसरी चूक कुशीत. विंडो एसीच्या मागच्या भागाला दोन्ही कुशींना पत्र्यात फटी असतात. त्या फटींतून बाहेरची हवा आत ओढली जाते, गरम कॉइलवरून जाते आणि पाठीमागून बाहेर पडते. खोलीतली सगळी उष्णता या वाटेने घराबाहेर जाते. आमच्या चौदा इंची भिंतीत त्या फटी विटांच्या आत दडपल्या गेल्या. नाक दाबून धावायला लावावं तसं झालं. ऐन मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास, आईला सर्वांत जास्त गरज असताना कॉम्प्रेसर तापून बंद पडायचा. मेकॅनिक तीनदा आला. दोनदा ‘गॅस कमी झालाय’ म्हणून पैसे घेऊन गेला.

गॅसचं एकदा नीट समजून घ्या. तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. मेकॅनिकला एकच विचारा, गळती कुठे सापडली ते दाखव. दाखवता आली नाही, तर पाकीट खिशातच ठेवा.

तिसरी चूक उताराची. एसी हवेतला दमटपणा पाण्याच्या रूपाने काढतो, आणि ते पाणी बाहेर जायला यंत्र बाहेरच्या अंगाला किंचित कललेलं लागतं. बहुतेक विंडो एसींना अर्धा इंचभर उतार पुरतो. फिटरकडे लेव्हल नव्हती. नजरेने बसवलेलं यंत्र आत कललं. पहिल्या जोरदार पावसात आईची उशी भिजली. अर्धा इंच, इतकंच ते अंतर होतं.

चौथी चूक थर्माकोलची, आणि ती हिवाळ्यात कळली.

महाराष्ट्रात थंडी म्हणजे हौसेची गोष्ट असं मुंबईकरांना वाटतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकजवळच्या निफाडला येऊन एक रात्र काढा. पारा पाच-सहा अंशांवर येतो, द्राक्षबागेत मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्रभर शेकोट्या पेटवतात, विहिरीचं पाणी सोडतात. आपण वेलीची इतकी काळजी घेतो. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत मात्र एक जाड रग टाकला की कर्तव्य संपतं. त्या डिसेंबरात पहाटे आईच्या खोलीत गेलो तर थर्माकोलच्या फटीतून गार वाऱ्याची सुरी आत येत होती. दार-खिडक्या गच्च बंद, आणि पलंगाशेजारी कोळशाची शेगडी.

माझ्या पोटात गोळा आला. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. ज्यांच्या घरात आज रात्री बंद खोलीत शेगडी पेटणार आहे त्यांना हात जोडून सांगतो, ती बाहेर काढा. हा लेख नंतर वाचा.

आम्ही तो एसी काढला आणि ‘हॉट अँड कोल्ड’ घेतला. इथेही सावध. या एका पाटीखाली दोन निराळी यंत्रं विकली जातात. एकात हिवाळ्यासाठी साधी हीटरची कॉइल असते. ती एक युनिट वीज खाऊन एका युनिटाचीच ऊब देते. दुसऱ्यात हीट पंप असतो. तो ऊब तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून आत आणतो. हवा बरी असेल तर एका युनिट विजेत तीनेक युनिटांची ऊब मिळते. दोन हजार वॉटचा रूम हीटर जेवढी ऊब देतो, तेवढी हीट पंप सात-आठशे वॉटमध्ये देऊ शकतो. म्हणून विक्रेत्याला नेमकं विचारा, हीट पंप की हीटर? उत्तर बिलावर लिहून घ्या.

थंड हवेत कसली आली उष्णता, असं आईने विचारलं. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर द्राक्षबागेतच आहे. गारठ्याच्या रात्री शेतकरी विहिरीचं पाणी सोडतो, कारण ते हवेपेक्षा उबदार असतं. हाताला गार लागणाऱ्या पाण्यातही वेलीला द्यायला ऊब असते. दहा अंशांच्या हवेतही उष्णता असते, फक्त ती ओढून घ्यायला तिच्याहून थंड काहीतरी लागतं. हीट पंपात बाहेरची कॉइल हवेहून थंड ठेवली जाते, म्हणून उष्णता तिच्यात शिरते. कॉम्प्रेसर गॅस दाबून तो तापवतो आणि ती उष्णता खोलीत सोडतो. उन्हाळ्यात हाच प्रवास उलटा. एक व्हॉल्व्ह फिरतो आणि आतली कॉइल बाहेरचं काम करू लागते, बाहेरची आतलं. लॉर्ड केल्विन यांनी १८५२ साली ही कल्पना मांडली होती. पावणेदोनशे वर्षं जुनी गोष्ट आहे, आणि आपल्या दुकानांत अजून धड समजावून दिली जात नाही.

दुसऱ्या वेळी आधी गवंडी बोलावला, मग एसी आणला. गवंड्याने वरच्या विटांना टेकू दिला, भोकावर लिंटेल टाकलं, ते पक्कं होईपर्यंत आम्हाला थांबवलं. बाहेरच्या अंगाने भोकाच्या दोन्ही बाजू तिरप्या कापून वाट रुंद केली, म्हणजे यंत्राच्या कुशींना श्वास घेता येईल. सागाची चौकट बसवली. बाहेर लोखंडी अँगलचा ब्रॅकेट ठोकला, कारण दीड टनाच्या विंडो एसीचं वजन पन्नास किलोच्या वर जातं आणि त्यातला जड कॉम्प्रेसर मागच्या, म्हणजे बाहेर लोंबणाऱ्या बाजूला असतो. चौकटीवर लेव्हल ठेवून त्याने बुडबुडा मला दाखवला. रेघेच्या आतल्या बाजूला, थोडासा सरकलेला. ‘एवढाच पाहिजे,’ म्हणाला. फटींत फोम, बाहेरून सिलिकॉन. सगळ्याला चार दिवस लागले. मजुरी यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ होती.

वायरमनने वेगळी लाइन ओढली, बोर्डातून स्वतंत्र एमसीबी दिला, अर्थिंग तपासलं. फ्रीजच्या सॉकेटला एक्स्टेन्शन लावून एसी चालवणारी घरं मला माहीत आहेत. त्या वायरला हात लावून बघा, गरम लागेल. आग तिथूनच लागते.

आता चालवायचं कसं, तेही सांगतो, कारण नीट बसवलेलं यंत्रही चुकीच्या बोटाने वाया जातं.

अठरावर लावला की खोली लवकर गार होते, हा समज सोडा. विंडो एसीत बहुधा एकाच वेगाचा कॉम्प्रेसर असतो. अठरावर लावा की चोवीसवर, तो त्याच वेगाने पळतो. फरक इतकाच की अठरावर तो थांबतच नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या रूम एसींना चोवीस अंश हे मूळ सेटिंग बंधनकारक केलं. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीच्या हिशोबाने प्रत्येक वाढीव अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते. हिवाळ्यात आईच्या खोलीला बावीस अंश पुरतात.

बंद केल्यावर तीन मिनिटं पुन्हा चालू करू नका. नळ्यांतला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. घाई केली तर कॉम्प्रेसर दाबाविरुद्ध सुरू व्हायला धडपडतो आणि त्याचं आयुष्य घटतं.

जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. त्यासाठी कुणाला बोलवावं लागत नाही.

थंडीत हीट पंप मधूनच वारा थांबवतो. बाहेरच्या कॉइलवर दव गोठतं, ते वितळवायला यंत्र काही मिनिटं घेतं. बिघडलं म्हणून फोन करू नका, वाट पाहा. पारा फारच उतरला की त्याचा जोर कमी होतो, हेही लक्षात ठेवा. त्या दोन-चार रात्रींसाठी रग लागतोच. ऊब वर चढते, म्हणून हिवाळ्यात पात्या खाली वळवा. उन्हाळ्यात वर.

बाहेर गळणारं पाणी खालच्या घराच्या वाळवणावर सोडू नका. नळी जोडून जमिनीपर्यंत न्या. शेजाऱ्याचे पापड भिजवून मिळवलेला गारवा चांगला नाही.

शेवटचं, आणि या आठवड्यात लिहायला बसलो ते याच्याचसाठी. आईचं घर तळमजल्यावर आहे, म्हणून ब्रॅकेट ठोकताना गवंडी जमिनीवर उभा होता. शहरात हेच काम पाचव्या, दहाव्या मजल्यावर होतं. एक पाय सज्ज्यावर, दुसरा खिडकीच्या चौकटीवर, एका हातात ड्रिल, आणि कमरेला काहीच नाही. घरातली माणसं आत चहा पीत ‘लवकर आटपा’ म्हणतात. गेल्या रविवारी समोरच्या इमारतीत हेच पाहिलं. खालून ओरडलो. तो मुलगा हसून म्हणाला, ‘काका, सवय आहे.’

सवय कुणाला तोलून धरत नाही. कमरेचा पट्टा आणि दोर तोलून धरतात. पट्ट्याशिवाय आलेल्या फिटरला खिडकीबाहेर पाय टाकू देऊ नका. कंपनीने पाठवलेला असो की कोपऱ्यावरचा, पट्टा आणेपर्यंत काम थांबवा. दोनशे रुपये जास्त मागितले तर द्या. सोसायट्यांनी ठराव करावा, पट्ट्याविना बाहेरचं काम नाही. इमारत बांधणाऱ्यांनी नकाशातच प्रत्येक खोलीला एसीची जागा द्यावी, लिंटेलसकट, आणि बाहेर उभं राहून काम करता येईल असा कठडा असलेला सज्जा द्यावा. न्यूयॉर्कच्या कितीतरी जुन्या इमारतींत भिंत बांधतानाच पत्र्याची पेटी आत बसवलेली असते. यंत्र बदलायचं झालं की जुनं ओढून नवं सरकवतात, भिंतीला हात लागत नाही. आपल्याकडे चकचकीत लॉबी मिळते, आणि घर ताब्यात आल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकजण नव्या भिंतीला छन्नी लावतो.

या जानेवारीत पहाटे आईच्या खोलीत गेलो. यंत्राची मंद घरघर. चौकटीच्या कडेने हात फिरवला, वाऱ्याची धार कुठेच लागली नाही. शेगडी अंगणात, तुळशीजवळ पडलेली, तिच्यात चाफ्याचं रोप लावलंय. आई अंगावरचा रग पायाशी सारून झोपली होती.

एसी घ्यायला निघाल तेव्हा आधी भिंतीला टेप लावा.